वॅगन सांगणारी बाई

सातच्या मराठी बातम्या सुरू होत्या. कुठल्याशा धरणाच्या कोनशिलेची बातमी अर्ध्यावर आली आणि निवेदकाचा आवाज खाली गेला. त्याच्यावर चढून एक बाई बोलू लागली.

"आयका हो भाऊ. आज सायडिंगले एकबी वॅगन लागली नाही. उद्या केयीचे घड कापू नका. पुन्हा सांगते. उद्या घड कापू नका."

मग खट्ट असा आवाज झाला आणि बाई गेली. निवेदक परत आला, पण तोवर धरण संपून क्रिकेट सुरू झालं होतं.

"ऐकलंत?" शांतीलालजी म्हणाले. "रोज, देवरेसाहेब. बराबर सात वाजून पाच मिनिटांनी. महिना झाला, मला एक बातमी पूर्ण ऐकायला मिळाली नाही. आणि माझ्याकडे तीन रेडिओ, तिन्हीचं लायसन आहे. काढून दाखवू?"

"नको, नको," मी म्हणालो. पण त्यांनी काढून दाखवलंच. तिन्ही पुस्तकांवर वेळच्या वेळी तिकिटं लावलेली, पोस्टाचे शिक्के मारलेले. सावद्याच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं. नियम पाळणारा माणूस. असा माणूस तक्रार करतो तेव्हा ती टाळता येत नाही.

रेडिओ ऐकायला लायसन लागायचं, हे आज सांगितलं की माझी नातवंडं हसतात. पण तेव्हा लागायचं. घरात रेडिओ असेल तर पोस्टात जाऊन फी भरायची, पुस्तक घ्यायचं आणि दर वर्षी नवं करायचं. हे कोण पाळतं आणि कोण पाळत नाही ते तपासायला पोस्ट खात्याने इन्स्पेक्टर नेमले होते. साठच्या दशकाच्या शेवटी मी जळगावला त्या कामावर होतो. मूळचा मी धुळ्याकडचा. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, इकडे सावदा-रावेर भागात 'हे' म्हणतात आणि 'ळ'चा 'य' करतात, म्हणजे केळीची केयी. एवढा फरक सोडला तर लायसन न काढण्याच्या बाबतीत दोन्हीकडची माणसं सारखीच होती.

आधी काम सोपं होतं. मोठे रेडिओ होते तेव्हा छपरावरची एरियलची जाळी लांबून दिसायची. सायकल थांबवायची, दार वाजवायचं. मग ट्रान्झिस्टर आला. तो उशीखाली मावतो. बैलगाडीच्या जुवाला टांगता येतो. मी गावात शिरलो की सगळं गाव मुकं व्हायचं आणि वेशीबाहेर पडलो की मागे पुन्हा गाणी सुरू व्हायची. मला त्याची सवय झाली होती.

पण ही केस वेगळी होती. रेडिओ ऐकणं वेगळं आणि रेडिओवर बोलणं वेगळं. बोलायला ट्रान्समीटर लागतो, म्हणजे आवाज हवेत सोडणारं यंत्र. खाजगी माणसाला ते बाळगायलाच बंदी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावला चिटणीससाहेबांसमोर उभा होतो. ते आमचे सुपरिंटेंडेंट. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कधी चढत नसे.

"बाई काय सांगते म्हणालात?"

"केळीच्या वॅगनी लागल्या की नाही ते, साहेब."

"सांकेतिक भाषा असेल का?"

मला हसू आलं, पण साहेब हसत नव्हते.

"देवरे, लढाई होऊन फार वर्षं झाली नाहीत. ट्रान्समीटर म्हटलं की लोकांना हेर दिसतात. ही फाइल पोलिसांकडे गेली तर ते आधी माणसं उचलतील आणि मग विचारतील. शनिवारपर्यंत शोधा. नाहीतर सोमवारी मला त्यांना कळवावंच लागेल."

मी लगेच दुपारची गाडी धरून परत सावद्याला आलो.

असं यंत्र शोधायचं कसं, हे सांगतो. ट्रान्झिस्टरच्या पोटात बोटभर जाडीची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तीच त्याची एरियल. गंमत अशी की त्या कांडीचं टोक ज्या केंद्राकडे वळवावं, त्या केंद्राचा आवाज पडतो. कांडी आडवी केली की आवाज वाढतो. म्हणजे रेडिओ हातात धरून स्वतःभोवती फिरायचं. बाईचा आवाज जिथे मरेल तिथे थांबायचं. कांडी ज्या रेषेत आहे त्या रेषेवर कुठेतरी बाई आहे. पुढे आहे की मागे, किती लांब, ते एका रेषेवरून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या जागेवरून दुसरी रेषा काढायची. दोन रेषा जिथे छेदतील तिथे यंत्र.

मंगळवारी संध्याकाळी मी शांतीलालजींच्या दुकानाच्या ओट्यावर उभा राहून पहिली रेषा काढली. हायस्कूलच्या मास्तरांकडून होकायंत्र आणलं होतं. पोस्टमनच्या बीटच्या नकाशावर पेन्सिलने रेघ मारली. ती चार मैलांवरच्या एका खेड्यातून जात होती. मी तेव्हा तरुण होतो. दुसऱ्या रेषेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. बुधवारी सकाळीच मी त्या खेड्यात गेलो आणि रेघेवरच्या सगळ्यात मोठ्या घरात शिरलो. ते निघालं पोलीस पाटलांचं. रामचंद्रआबा त्यांचं नाव.

"वर माळ्यावर काय आहे?" मी दरडावून विचारलं.

"जाऊन पाहा ना साहेब."

मी शिडी चढून गेलो. अंधारात काहीतरी हाललं. मी हात घातला आणि खुडूक कोंबडीने माझ्या मनगटाचा लचका तोडला. खाली उतरलो तर आबा शांतपणे म्हणाले, "अंडी फुटली तं नाही ना?"

चूक माझीच होती. दुकानाला पत्र्याचं छप्पर होतं आणि पत्रा लहरींची दिशा फिरवतो. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो आणि परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं.

दुकानात येऊन मनगटाला आयोडीन लावत मी शांतीलालजींना सगळं सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की ते गादीवरून उठून उभे राहिले.

"म्हणजे एकाच वेळी दोन जागी दोन माणसं पाहिजेत. मी एक."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास? महिनाभर त्रासच आहे. आणि माझ्या रेडिओला लायसन आहे."

मी त्यांना रेडिओ कसा धरायचा ते दाखवलं.

बुधवारी संध्याकाळी ते गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात जाऊन उभे राहिले. मी तीन मैलांवर एका फरशी पुलापाशी. त्यांना सांगितलं होतं, आवाज पडला की कांडीच्या रेषेत जमिनीवर काठी ठेवा. काठीऐवजी त्यांनी दुकानातली कापड मोजायची मीटरची पट्टी नेली होती. सात वाजून पाच मिनिटं झाली. बाई आली. "आयका हो भाऊ." मी पुलाजवळ सावकाश फिरू लागलो. एका जागी बाई विरघळली आणि तिच्यामागच्या बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. मी खूण केली.

मैदानात पोचलो तेव्हा शांतीलालजी पट्टीशेजारी पहारा देत उभे होते. धोतराला कुसळं लागली होती, कपाळावर घाम होता. आजूबाजूला सात-आठ माणसं जमली होती.

"मी गोल गोल फिरत होतो ना, त्यांना वाटलं मला घेरी आली," ते म्हणाले. "एकाने पाणी आणलं. पण पट्टी बराबर ठेवली, साहेब. कोणाला हात लावू दिला नाही."

दोन्ही रेघा रेल्वे स्टेशनाच्या मालधक्क्यामागे छेदल्या. कोणतं स्टेशन ते सांगत नाही. तिथे केळीच्या बागा होत्या आणि त्यांत एकच घर होतं.

गुरुवारी सकाळी मी एकटा गेलो. घर साधं, मातीच्या माळवदाचं. दारात विजेच्या पंपाची उघडी मोटर पडलेली. अंगणात दोन उंच खांबांना तार बांधली होती आणि तारेवर दोन लुगडी वाळत होती. मी तारेच्या टोकाकडे पाहिलं. दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर होते. कपडे वाळत घालायच्या तारेला इन्सुलेटर कुणी लावत नाही.

आतून कुबडीचा आवाज आला. चाळिशीचा एक माणूस दारात उभा राहिला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याने मला कडक सॅल्यूट ठोकला.

"या साहेब. तुम्ही सावद्यात आल्याचं ऐकलं, तेव्हा परवाच याल असं धरून चाललो होतो. दोन दिवस लेट झालात."

"पत्र्याखाली उभा राहिलो होतो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"असं होतं," तो समजुतीने म्हणाला.

त्याचं नाव भास्कर चौधरी. फौजेत वायरलेस ऑपरेटर होता. पाय गेल्यावर पेन्शन घेऊन घरी आला. शेती बायको बघायची. हा रेडिओ, पंप, जे मिळेल ते दुरुस्त करायचा. आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे यंत्र होतं. जुन्या रेडिओच्या पेटीत बसवलेलं, तीन व्हॉल्व्हचं, बाहेरून लाकडी. मी आजवर पाहिलेल्या कामांत इतकं नेटकं सोल्डरिंग पाहिलं नव्हतं. तसं मी म्हणायला नको होतं, पण म्हणालो.

"थँक्यू सर."

"हे बेकायदा आहे, माहीत आहे?"

"कायदा पाठ आहे, सर. कलमासकट."

तेवढ्यात मागच्या दाराने बायको आली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. इंदूअक्का. भारा टाकून तिने मला नीट न्याहाळलं.

"रेडिओवाले साहेब ना तुमी?" आवाज ओळखीचा होता. मी चार दिवस त्याच्यामागे होतो. "यांचं नाव लिहू नका. बोलते मी. आवाज मव्हा हे."

"यंत्र मी बनवलं," भास्कर म्हणाला. "लिहा माझंच."

"नुसतं यंत्र बोलतं का? बोलणारीचा गुन्हा मोठा."

"अगं, कायदा यंत्राचा आहे!"

"तुमची पेन्शन बंद होईन. मले काय पेन्शन हे? मले धरा साहेब."

गुन्हा कोणाचा यावर नवरा-बायकोचं भांडण मी नोकरीत तेवढं एकदाच पाहिलं. बहुतेक वेळा ते उलट्या दिशेने चालतं. मी बसलो, पाणी मागितलं आणि सगळं सुरुवातीपासून सांगायला लावलं.

गोष्ट अशी होती. केळी रेल्वेने उत्तरेकडे जायची. त्यासाठी रिकाम्या वॅगनी आदल्या दिवशी सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, येऊन उभ्या राहायच्या. कधी याव्यात याचा नेम नसे. मागणी जास्त, वॅगनी कमी. शेतकरी पहाटे उठून घड कापायचा, गाडी भरून स्टेशनावर आणायचा आणि तिथे कळायचं की वॅगन नाही. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही. तीन दिवसांत धक्क्यावर केळी पिवळी, मग काळी. मागच्या उन्हाळ्यात एकदा आठ गावांचा माल तसाच सडला. वासाने स्टेशनात उभं राहवत नव्हतं. त्यात यांचाही माल होता.

"आमच्या माळवदावरून सायडिंग दिसते," इंदूअक्का म्हणाली. "सांजच्याले मी मोजते. मले दिसते अन् बाकीच्याइले दिसत नाही. मंग सांगावं नाही का?"

"गावागावात निरोप पाठवायचा."

"आठ गावं हेत साहेब. हे एका पायाचे."

भास्कर म्हणाला, "ट्रान्झिस्टर घरोघर आहेत, सर. बातम्यांना लोक ऐकतातच. म्हणून बातम्यांच्या शेजारच्या लहरीवर बसलो. थोडं सरकून बसायला पाहिजे होतं. ती माझी चूक."

"तुम्ही स्वतः का नाही बोलत?"

"पहिल्या दिवशी बोललो. माझा आवाज फौजी. लोकांना वाटलं, पुन्हा लढाई लागली."

मी जप्तीचा फॉर्म काढला. पेन उघडलं. खरं सांगतो, सकाळी सायकलवर येताना मी चिटणीससाहेबांची शाबासकी मनात घोळवत होतो. आता पेन जड झालं होतं. तरी मी म्हणालो, "यंत्र मला न्यावं लागेल. आजपासून बंद."

इंदूअक्काने विचारलं, "आज का उद्यापासून?"

"आज."

ती मला माळवदावर घेऊन गेली. खाली सायडिंगला वॅगनींची रांग उभी होती. तांबूस, दारं उघडी, रिकाम्या.

"बावीस हेत," ती म्हणाली. "आठ दिवसांनी लागल्यात. आज मी बोलली नाही तं लोकाइले वाटीन वॅगन नाही. कोणी कापणार नाही. वॅगनी रिकाम्या जातीन. मंग पुन्हा कधी येतीन, कोणाले माहीत?"

मी विचार केला. गुन्हा थांबवणं माझं काम होतं. आठ गावांची केळी बुडवणं माझं काम नव्हतं.

"मी सांगून येतो," मी म्हणालो.

उन्हात सायकल मारत मी तीन गावं केली. पारावर, चक्कीवर, विहिरीवर, जिथे माणसं दिसतील तिथे उतरून सांगितलं: सायडिंगला बावीस वॅगनी लागल्या आहेत, उद्या कापणी करा. लोक मला ओळखत होते. लायसन इन्स्पेक्टर. माझ्याकडे पाहून ते मान हलवायचे आणि काहीच म्हणायचे नाहीत.

शेवटी एक म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमी म्हणता तं असतीन. पण बाईनं सांगू द्या."

"कोणती बाई?"

म्हातारा गडबडला. "कोणतीच नाही. आमच्याकडे रेडिओच नाही."

एकाही माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. सरकारी शिक्क्याची बॅग, सरकारी सायकल, आणि मी सांगत होतो ते शंभर टक्के खरं. तरी नाही.

साडेसहाला घामाघूम होऊन मी भास्करच्या अंगणात परत आलो. सोबत दोन पंच आणले होते, कारण जप्तीचा पंचनामा करायला दोन साक्षीदार लागतात. एक रामचंद्रआबा, तेच कोंबडीवाले पोलीस पाटील, आणि दुसरा शेजारच्या मळ्यातला शेतकरी. येताना वाटेत मी सगळे नियम मनात उलगडून पाहिले होते. त्यांत एक उपयोगी जागा सापडली होती.

"चौधरी," मी म्हणालो, "पंचनाम्यात लिहावं लागतं की यंत्र चालू स्थितीत होतं. ते मी चालवून पाहिल्याशिवाय कसं लिहू? इन्स्पेक्टरच्या समक्ष चाचणी घ्यावी लागेल."

भास्कर ताठ झाला. "येस सर. चाचणी किती वाजता, सर?"

"सात वाजून पाच मिनिटांनी."

"चाचणीत काय बोलायचं, सर?"

"काहीही. आकडे वगैरे बोलतात."

व्हॉल्व्ह तापले, लाल झाले. इंदूअक्काने पदर डोक्यावरून घेतला आणि माइकसमोर बसली. तो टेलिफोनच्या जुन्या रिसिव्हरमधला होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

"आयका हो भाऊ. आज सायडिंगले बावीस वॅगनी लागल्या. बावीस. उद्या केयीचे घड कापा. पुन्हा सांगते. उद्या कापा." ती थांबली. मी बोट वर केलं, पुरे म्हणून. पण ती पुढे बोललीच. "अन् आता मी उद्यापासून येणार नाही. सरकारनं बंद केलं. साहेब चांगले हेत, त्याइले कोणी बोलू नका. चला. जपून राहा."

खट्ट.

भास्करने स्वतः प्लग काढला आणि कुबडी टेकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला नाक शिंकरावं लागलं.

मग पंचनामा. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं: सदर यंत्रावरून प्रसारित झालेला आवाज पंचांनी यापूर्वीही वेळोवेळी ऐकला आहे. रामचंद्रआबांनी पेन खाली ठेवलं.

"हे नाही लिहायचं साहेब."

"का? ऐकलं नाही तुम्ही?"

"मी कसा ऐकणार? माझ्याकडे रेडिओ नाही."

दुसरा पंच म्हणाला, "माझ्याकडंबी नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईचा आवाज ऐकला असं म्हणायचं तर घरात रेडिओ आहे हे कबूल करावं लागत होतं. आणि रेडिओ आहे म्हटलं की मी लायसन मागणार. आठ गावांत रोज संध्याकाळी सगळे तिला ऐकत होते आणि तिला ऐकलेला एकही माणूस कायद्याने अस्तित्वात नव्हता. अपवाद एकच. शांतीलालजी.

ते वाक्य मी खोडलं. पंचांनी यंत्र पाहिल्याची आणि चाचणी झाल्याची सही केली.

शुक्रवारी सकाळी बैलगाड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागली होती. बावीसच्या बावीस वॅगनी भरल्या. मी यंत्राची पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून तिथून चाललो तेव्हा गाडीवान बाजूला होऊन मला वाट देत होते. कोणी हसलं नाही, कोणी बोललं नाही. तसं सांगितलंच होतं तिने.

सावद्यात शांतीलालजींना जबाबासाठी भेटलो. ते कालचं सगळं ऐकून बसले होते.

"माझी तक्रार काय होती?" ते म्हणाले. "बातम्यांत अडथळा येतो. आता येतो का?"

"नाही."

"मग तक्रार मिटली. तसं लिहून देतो. खोटं नाही, बराबर आहे. पण एक सांगू? मला वाटलं होतं कोणी टवाळ पोरगी असेल. ती तर बिचारी काम करत होती." मग म्हणाले, "आणि तशीही बातम्यांत रोज ऐकण्यासारखं काय असतं?"

चिटणीससाहेबांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. चाचणीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"चाचणी किती वेळ चालली?"

"दोन मिनिटं, साहेब."

"आरोपी काय बोलली?"

"आकडे, साहेब."

"कोणते?"

"बावीस."

साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझीच चौकशी लागते. मग ते म्हणाले, "चाचणीत आकडे बोलतातच," आणि सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला: यंत्र स्वेच्छेने स्वाधीन. हेतू उपद्रवाचा नाही. लेखी समज देऊन प्रकरण मिटवावे. वरच्या ऑफिसातून ते तसंच मंजूर होऊन आलं. भास्करच्या पेन्शनला धक्का लागला नाही. यंत्र आमच्या स्टोअरमध्ये जमा झालं.

पण साहेब तिथे थांबले नाहीत. त्यांनी सरकारी रेडिओ केंद्राला पत्र टाकलं: हंगामात संध्याकाळच्या शेतकरी कार्यक्रमात या भागातल्या वॅगनींची माहिती एक मिनिट द्यावी, स्टेशनावरून तारेने कळवण्याची व्यवस्था होईल. उत्तर आलं, प्रस्ताव विचारात घेता येईल, तरी त्या भागातल्या परवानाधारक श्रोत्यांची संख्या कळवावी.

संख्या कळवण्यासारखी नव्हती. मी ते पत्र घेऊन सावद्याच्या केळी उत्पादकांच्या सभेला गेलो आणि जसंच्या तसं वाचलं. सगळे जमिनीकडे पाहू लागले. मागून बायकांच्या बाजूने आवाज आला.

"मंग काढा ना लायसन! फुकटात आयकता, वरून सरकारले मागता बी?"

आवाज सगळ्यांनी ओळखला. आता कबूल करायला कोणाची हरकत नव्हती. कोणीतरी हसलं आणि मग सगळी सभाच हसली.

पुढच्या आठवड्यात सावद्याच्या पोस्टात फॉर्म संपले. जळगावहून मागवले, तेही संपले. पोस्टमास्तर माझ्यावर चिडले. पाच वर्षं दारं वाजवून मी जेवढी लायसनं काढून घेतली नव्हती, त्याहून जास्त त्या महिन्यात लोकांनी स्वतः येऊन काढली. रामचंद्रआबांनी दोन काढली. खात्याने मला प्रशस्तिपत्र दिलं. त्यात 'अथक तपासणी मोहीम' असे शब्द होते.

हंगामात वॅगनींची माहिती रेडिओवर सुरू झाली. निवेदक शुद्ध बोलायचा, 'केळी' नीट म्हणायचा, स्टेशनांची नावं मात्र चुकवायचा. लोक ऐकायचे, कापणी करायचे आणि मी भेटलो की कुरकुरायचे, आवाजाला तशी मजा नाही. भास्करला साहेबांनी दुरुस्तीचं रीतसर लायसन मिळवून दिलं आणि ग्रामपंचायतींच्या रेडिओंचं काम त्याच्याकडे आलं. इंदूअक्का आठ गावांतून त्याला गाडीतून फिरवायची आणि तो काम करत असताना पारावर बसून, कोणत्याही यंत्राशिवाय, सगळ्या गावांच्या बातम्या सांगायची. त्याला परवाना लागत नव्हता.

त्या केसनंतर मी एक सवय लावून घेतली. कुणाकडे विनापरवाना काहीही सापडलं की फॉर्म भरण्याआधी विचारायचं, हे तुम्ही कशासाठी केलं? खात्याच्या फॉर्ममध्ये त्या उत्तराला रकाना नव्हता. मी ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचो. वरच्या ऑफिसात कागद उलटून पाहत होते की नाही, ठाऊक नाही. चिटणीससाहेब पाहत असत.